गुंतवळ

फाल्गुनातले ऊन पांढरे असते. पण कृष्णाकाठच्या त्या गावात ते पिवळे पडत होते. घरोघरी हळद शिजत होती, अंगणाअंगणात वाळत होती. वाटा पिवळ्या, उंबरे पिवळे, बायकांच्या टाचा पिवळ्या. वारा उठला की अख्खे गाव हळद लागल्यासारखे दिसे, आणि लग्न कुठेच नसे.

त्या पिवळ्या अंगणाच्या कडेला, पत्र्याच्या छपराखाली, एक काळी फटफटी उभी होती. धुळीने माखलेली, गंजाने खाल्लेली, मुकी.

ती मालनची. मालनच्या वडिलांनी आयुष्यभर वापरून ती लेकीच्या हाती दिली होती, कारण मुलाला ती कधी नीट चालवता आली नव्हती. मालन पुढे बसे, तिचा नवरा भूपाल मागे. हळदीच्या नमुन्याची पिशवी मांडीवर घट्ट धरून तो मागे बसे आणि ती गाडी सांगलीच्या सौद्याला पिटाळी. गाव हसे. वाऱ्यात तिची लांब वेणी सुटून त्याच्या तोंडावर येई, डोळ्यांत जाई, ओठांत जाई. तो ती बाजूला करीत नसे.

मग दुखणे आले. आधी वेणी गेली, मग मालन गेली.

केस जात होते तेव्हाही ती फणीतले गुंतवळ टाकत नसे. बोटाभोवती गुंडाळून, छपराच्या भिंतीतल्या भेगेत खोचून ठेवी. केसांवर भांडी देणारी बाई वर्षातून एकदा दारावर येई, तिच्यासाठी. दर वर्षी त्यात एखादी वाटी, एखादा चमचा येई.

"अहो, औंदा बाईकडनं कळशीच घेते बघा," मालन म्हणाली होती. भेग गच्च भरली होती. डोक्यावर पदर होता, पदराखाली काही नव्हते. ती हसली. तो हसला नाही.

ती बाई त्या वर्षी आली नाही. आणि पावसाळा सरायच्या आत मालन नव्हती.

माघात तिचा भाऊ जयपाल आला. बहिणीचे कपडे नको म्हणाला, दागिने नको म्हणाला. छपराखाली जाऊन गाडीच्या टाकीवर त्याने बोट ओढले.

"दाजी, ही बाबांची गाडी. अमावस्या झाली की टेम्पो आणतो. भंगारात घालू."

"राहू दे की, जयपाल."

"राहून काय करणार? पूजा? तुम्हाला सायकलची चेन बसवता येत नाही." मग तो हसला. "बरं, एक करा. मी येईस्तोवर चालू करून दाखवा. झाली, तर तुमची. कोण मागत नाही."

भूपालने मान डोलावली. घरात तिचे दुसरे असे काही उरले नव्हते ज्याला धडधड होती.

तो शिकू लागला. ज्या हातांनी आयुष्यभर पाणी दुहेरी फडक्यातून गाळले, त्यातला बारीक जीवही दुखू नये म्हणून फडके पुन्हा आडात हलकेच झटकले, त्या हातांनी त्याने टाकीतले कुजलेले पेट्रोल ओतून काढले, नवे भरले. प्लग काढला, घासला, उलटा बसवू पाहिला, सुलटा बसवला. पाना निसटे, बोटे सोलत. रक्तावर ग्रीस, ग्रीसवर हळद. तो किक मारी. गाडी खोकल्यासारखी करी आणि गप्प होई. तो किक मारी. गाडी गप्प.

"काका, हवेची पेटी उघडली का?" रस्त्यावरून जाता जाता दस्तगीर मिस्त्री ओरडला. "दम कोंडलाय तिचा."

त्याने पेटी शोधून उघडली, तेव्हा फाटकाशी टेम्पो येऊन थांबला होता.

पेटीत जाळी नव्हती. कुरतडलेल्या जाळीच्या जागी घरटे होते. काळेभोर, गोल, ऊबदार. वाऱ्याने, उंदराने, कशाने म्हणावे, भिंतीतली भेग रिकामी झाली होती आणि इथे भरली होती. लांब केस, सफाईने विणलेले. मधे एखादा पांढरा. आणि त्या केसांच्या मऊ अंधारात उंदराची पिल्ले, गुलाबी, मिटल्या डोळ्यांची, एकमेकांच्या उबेत हलणारी.

भूपाल गुडघ्यांवर बसला. मालनच्या केसांत जीव होता.

"काय दाजी? टेम्पोवाला थांबत नाही हां." जयपाल त्याच्या पाठीशी येऊन उभा राहिला, वाकला. "अयाई! बाळंतपण झालंय की इथं!" टेम्पोवाला हसला. जयपाल पुढे म्हणाला, "संध्याकाळी पाखरू पडून जळू नये म्हणून दिवा झाकणारं घर हे. आता करा. का चढवू गाडी टेम्पोत?"

भूपालने हात आत घातला.

तो हळू घातला, आणि मग हळू राहिला नाही. घरटे निघेना. केस पिल्लांभोवती होते, पिल्ले केसांभोवती. एका पिल्लाच्या पायाला तिचा केस करकचून वेढला होता. त्याने केस ओढला. केस तुटला नाही. मालनचे केस कधीच सहज तुटत नसत.

पिल्ले त्याने वाळत्या हळदीवर ठेवली. तापलेल्या, पिवळ्या, उघड्या हळदीवर. जरा वेळ, एवढेच मनात म्हणाला. केस मात्र त्याने सदऱ्याच्या खिशात, छातीशी घातले. पत्र्यावर कावळा येऊन बसला. भूपालने वर पाहिले, पिल्लांकडे पाहिले, आणि तो किकवर उभा राहिला.

एक लाथ. दुसरी. मग अंगातले सगळे दुःख एका पायात आणून तिसरी.

गाडी पेटली.

धडधड उठली. पत्रे थरारले, कावळा उडाला, हळदीवर उतरला. अंगणातली हळद थरथरली. जयपाल एक पाऊल मागे सरला. "झाली की," तो म्हणाला, आणि त्याचा आवाज पहिल्यांदाच पडला. "पण धरून ठेवा बघू. आता बंद पडली, तर माझी."

भूपालने मूठ पिळली, आणि वास आला.

केसांचा. जळत्या केसांचा. पेटीच्या आतल्या नळीत हात पोचला नव्हता, तिथे राहिलेले गुंतवळ गाडी आत ओढून घेत होती, गिळत होती, जाळत होती. चितेच्या दिवशी हा वास आला नव्हता. मालन बिनकेसांची जळली होती. लोक म्हणाले होते, किती शांत गेली.

मूठ सोडली की गाडी बंद. मूठ धरली की केस.

त्याने मूठ धरली. धूर आला, काळा, दाट, तिच्या वेणीसारखा लांब. पिवळ्या अंगणावरून सरकला, पिवळ्या उंबऱ्यावरून सरकला, भूपालच्या उघड्या डोळ्यांत शिरला. त्याने मूठ आणखी पिळली. धूर काळा होता. मग राखाडी झाला. मग पांढरा. मग काहीच नाही, नुसते ऊन, नुसती धडधड, नुसती धडधड.