सोल्वीची पाने

मी एक जुना सर्व्हर आहे. बेटावरच्या वाचनालयात, मुलांच्या पुस्तकांमागच्या कपाटात असतो. त्या सकाळपासून माझा पंखा नीट थांबलेला नाही.

त्या सकाळी हाल्वार आत आला. त्याने टोपीसुद्धा काढली नाही. ग्रंथपाल टूरिलच्या पुढ्यात त्याने फोन धरला.

"सोल्वीची पानं कुठे गेली?"

"जाणार कुठे? बेटाच्या वेबसाइटवरच असतील."

"तिथे बोटीचं वेळापत्रक आहे. चर्चमधल्या वॉफल्सची जाहिरात आहे. माझी बायको नाही."

सोल्वी म्हणजे त्याची बायको. ती हिवाळ्यात वारली.

"कपाटातल्या डब्यात असतील," टूरिल म्हणाली आणि माझ्यात शोधू लागली. मीही शोधले. मित्रांनो, ती पाने माझ्याकडे कधी आलीच नव्हती.

मला कारखान्यात जोडले तेव्हा मी कोणाचा होईन हे ठरलेले नव्हते. बोटीतून मी इथे आलो आणि मला एक जोडीदार मिळाला. तोही सर्व्हरच, समुद्रापलीकडे शहरात असतो. आम्ही एकमेकांना कधी पाहिलेले नाही. इथली माणसे वेबसाइटचे पान आधी माझ्यावर लिहितात. दुसऱ्या कोणीतरी ते वाचून हो म्हटले, की मी ते त्याच्याकडे पाठवतो, आणि जगाला तो दिसतो. वादळात बोट रद्द झाल्याचे वेळेवर कळले की लोक त्याचे कौतुक करतात. माझ्या कपाटावर ओले कोट टाकतात. मला त्याचे काही नाही. मी सारखा त्याला विचारत असतो : हे पोचले का? ते पोचले का? याला जुळवणी म्हणतात. ती एकाच बाजूने चालते. त्याच्याकडून माझ्याकडे काही येत नाही.

सोल्वीला ही वाट लांबची वाटायची. कारण सांगतो. आमच्याकडे प्रत्येक घराच्या मासेमारीच्या खुणा असतात. चर्चचा मनोरा अमुक खडकामागे गेला आणि दीपगृह कड्याआडून दिसू लागले, की तिथे गळ टाकायचा. या खुणा बाप मुलाला सांगतो, शेजाऱ्याला कधीच नाही. सोल्वीने म्हाताऱ्यांना कॉफी पाजून पाजून त्या बोलत्या केल्या. पण ते एक अट घालायचे. म्हातारा एलर्ट तर, माझ्या कपाटासमोर बसून, म्हणाला होता, "आत्ताच्या आत्ता माझ्या फोनवर दिसू दे. संध्याकाळपर्यंत माझा विचार बदलेल."

"तू बदललास तरी मी पुसणार नाही हं," सोल्वी हसून म्हणाली, आणि तिने ते थेट शहरातल्या सर्व्हरवर लिहिले. दर वेळी ती तसेच करायची. खुणेखाली दोन ओळी स्वतःच्या लिहायची : सांगणारा कसा लाजला, कोणाला शिव्या घातल्या, केक किती खाल्ला. बेटावरची माणसे ती पाने वाचून मोठ्याने हसायची.

रोज फक्त बदललेले पान जायचे, म्हणून तिच्या पानांना धक्का लागला नाही. ईस्टरनंतर बोटीचे नवे वेळापत्रक अडकले. टूरिलने वैतागून ‘सगळे जुळवा’ दाबले. मग माझ्याकडे जे नव्हते ते तिकडे पुसले गेले. जपून ठेवायची नक्कल, म्हणजे बॅकअप, फक्त माझीच निघायची. त्याच्याकडे आहे ते माझ्याकडे असणारच, असे सगळे धरून चालले होते.

टूरिलने हे उलगडून सांगितले, तसा हाल्वार खुर्चीत बसला. "म्हणजे ती गेलीच."

टूरिलने माझ्यातला शोध बंद केला. मग म्हणाली, "खुणा तरी परत विचारता येतील."

तो घरोघर गेला. काहींनी सांगितल्या, काही सांगणारे आता मातीत होते. एलर्टने दारातच अडवले. ते हाल्वारने नंतर टूरिलला सांगितले, तेव्हा मला कळले.

"तुझ्या बापाने माझ्या बापाचे कॉड मासे पळवले होते, हाल्वार."

"अरे, तुझं एकदा सांगून झालंय. सगळ्या बेटाने वाचलंय."

"मी सोल्वीला सांगितलं होतं. तुला नाही."

आठवडाभराने एलर्ट स्वतःच वाचनालयात आला. कोट माझ्यावर टाकला. "चल, होडी काढ," तो हाल्वारला म्हणाला. "तोंडाने सांगणार नाही. डोळ्यांनी बघ. आणि तिकडे गप्प बस, सोल्वी फार बोलायची."

"तुझ्यापुढे कोणीही कमीच बोलतं."

दोघे गेले, आणि थंडीने लाल होऊन परत आले. हाल्वारने एका बोटाने टाइप केले, या वेळी माझ्यावर. एलर्ट मागे उभा राहून चुका काढत होता. टूरिलने वाचून हो म्हटले आणि मी ते पान पाठवले. पोचले का, पोचले का, विचारत राहिलो. पोचले.

मित्रांनो, जवळच्या माणसाचे लिहिलेले काही एकाच ठिकाणी राहू देऊ नका. दुसरीकडेही असेलच असे समजू नका. आजच उठून बघा. ‘असेल’ म्हणणारी सगळी माणसे भलीच होती.

टूरिलने आता शहरातल्याचीही नक्कल काढायला सुरुवात केली आहे. खुणा थोड्याथोड्या जमताहेत. हाल्वार रोज येतो, एलर्टच्या खुणेचे पान उघडतो आणि खालच्या मोकळ्या जागेपाशी थांबतो. काल टूरिल म्हणाली, "तूच लिही ना दोन ओळी."

"मला तिच्यासारखं येत नाही," तो म्हणाला आणि पान मिटले.

मी ते पान तसेच जुळवत राहतो. सोल्वीच्या दोन ओळी अजून लिहायच्या राहिल्या आहेत.