आधी लिहायचं, मग बोलायचं

उत्तराने पर्समध्ये पाण्याची बाटली, दोन पेन्सिली आणि कोऱ्या कागदाच्या दहा चिठ्ठ्या घेतल्या. चिठ्ठ्या तिने आदल्या दिवशीच कापून ठेवल्या होत्या, सगळ्या एका मापाच्या. सुदेशने त्या पाहिल्या.

"सहलीला निघालोय की ऑडिटला?"

"तुझी परीक्षा आहे," ती म्हणाली.

ही थट्टा होती आणि नव्हतीही. डोंबिवलीच्या एमआयडीसीत सुगंधी द्रव्यं बनवणाऱ्या एका कारखान्यात दोघांनी तीस-तीस वर्षं काढली होती. ती यंत्रावर नमुने तपासायची आणि तो नाकाने. साबणात, अगरबत्तीत, बिस्किटांत जाणारा प्रत्येक अर्क कागदी पट्टीवर घेऊन तो नाकाशी धरायचा. तिच्या यंत्राला चाळीस मिनिटं लागायची, त्याला दोन श्वास पुरत. तिथला एक नियम होता: आधी लिहायचं, मग बोलायचं. एकाने वासाचं नाव घेतलं की दुसऱ्याच्या नाकालाही तोच वास येऊ लागतो, म्हणून. लग्नाआधी एकदा ती गजरा माळून कामावर आली, तेव्हा त्याने तिच्या टेबलावर चिठ्ठी सरकवली होती: 'मोगरा. बाटलीतला नव्हे.'

चार वर्षांपूर्वीच्या तापात सुदेशचं नाक गेलं. त्याच वर्षी तो निवृत्त झाला. दोन महिन्यांनी "आलं बरं का परत," असं त्याने सांगितलं आणि तिने ते मानलं. पण गेल्या महिन्यात तो ओट्याशेजारी पेपर वाचत बसलेला असताना दूध करपून पातेलं काळं झालं. "लक्ष कुठे असतं तुझं?" असं ती फाडकन बोलून गेली. रात्री पातेलं घासताना तिच्या मनात शंका आली, आणि मग ती जाईना. त्याला सरळ विचारायचा धीर होत नव्हता. म्हणून ही सहल.

तसं पाहिलं तर सहल तिने सुचवली असली तरी ती होती त्याचीच. सुदेशचं बालपण माझगावात, एका बेकरीच्या भिंतीला लागून असलेल्या खोलीत गेलेलं. लग्न झाल्यापासून तो म्हणत होता, "एक दिवस काढ. सकाळी निघू, चार बेकऱ्या करू, तुला पाव म्हणजे काय ते कळेल." तो दिवस काही निघाला नाही. आधी मुलीची शाळा, मग सासूबाईंचं आजारपण, मग तिचं प्रमोशन. एकदा तर त्याने रजा टाकली होती, शर्टही इस्त्री करून ठेवला होता, आणि ती म्हणाली होती, "मला काम आहे आज. आणि पावात एवढं काय असतं रे? कोपऱ्यावर मिळतोच की." त्याने शर्ट परत हँगरला लावला होता. त्यानंतर त्याने पुन्हा विषय काढला नाही.

माझगावची ती बेकरी आता नव्हतीच, तिथे मोबाइलचं दुकान होतं. सुदेशने फलक वाचला आणि तो पुढे चालू लागला. "चल, भायखळ्याची असेल."

भायखळ्याची होती. लाकडी कपाटं, काचेच्या बरण्या, आणि कागदाच्या वाटीतले मावा केक. दोघे बाकावर बसले. उत्तराने एक केक मधोमध तोडला आणि चिठ्ठ्या काढल्या.

"खरंच लिहायचं?"

"नियम म्हणजे नियम."

त्याने केक नाकाशी नेला, डोळे मिटले, दोन श्वास घेतले. अगदी तसाच, पूर्वीसारखा. मग भराभर लिहिलं. तिने चिठ्ठी उलगडली: 'वेलची, सालासकट कुटलेली. मावा जरा जास्त भाजलाय. कडेला तूप.' तिच्या चिठ्ठीवर 'वेलची, मावा' एवढंच होतं. तिने पुन्हा वास घेतला, आणि हो, मावा भाजलेला होता की! तिच्या छातीवरचा धोंडा उतरला. तिने त्याच्या हातावर चापट मारली.

"पास!"

"डिस्टिंक्शन म्हण," तो म्हणाला.

त्या आनंदात तिने खारी घेतली, जिरा बटर घेतलं, मुलीसाठी नानखटाईचा डबा बांधून घेतला. इतकी वर्षं आपण का आलो नाही, असं ती दोनदा म्हणाली. दोन्ही वेळा तो नुसता हसला.

दुपारी धोबीतलावला एका जुन्या इराण्याकडे ब्रून मस्का मागवला. पावाचं कवच कडक, आत लोण्याचा जाड थर. पुन्हा चिठ्ठ्या. तिने लिहिलं: 'यीस्ट, लोणी, मीठ.' त्याने या वेळी वेळ घेतला. लिहून झाल्यावर चिठ्ठी स्वतःच तिच्यापुढे सरकवली: 'लाकडाचा धूर. तळाला राख. हाच तो वास, उत्तरा.'

शेजारच्या टेबलावरच्या बशा उचलायला आलेल्या म्हाताऱ्या वेटरला ती कौतुकाने म्हणाली, "तुमच्या भट्टीचा धूर ओळखला बघा यांनी."

"धूर?" वेटर म्हणाला. "लाकूड बंद झालं ताई. वर्ष होईल आता. सगळं करंटवर."

तो बशा घेऊन गेला. सुदेशने टेबलावरची चिठ्ठी उचलली, चार घड्या घातल्या आणि बशीखाली ठेवली. मग चहा ढवळू लागला. चहात साखर कधीच विरघळली होती.

"पोर्शन बदलला," तो म्हणाला. "मला कुणी कळवलंच नाही."

"सुदेश."

"पाठ होतं गं सगळं. लहानपणी रोज पहाटे चारला त्या वासाने जाग यायची. केकवर वेलचीचे कण दिसत होते, कड तांबूस होती. उरलेलं आठवणीतलं."

"आलंच नाही परत? कधीच?"

"नाही."

"मग मला का नाही सांगितलंस?"

"तू किती घाबरली होतीस तेव्हा. आणि नंतर..." त्याने चमचा बशीत ठेवला. "इतक्या वर्षांनी तू आपणहून निघालीस. म्हटलं, दाखवू तिला. मला नाही आला वास तर नाही."

तिला तो इस्त्रीचा शर्ट आठवला. निळ्या रेघांचा. त्या दिवशी तिला कसलं काम होतं, ते मात्र काही केल्या आठवेना. ज्यासाठी तो दिवस दिला ते काम तिच्या लक्षातही राहिलं नव्हतं. आणि आज दिवस काढला तो त्याला तपासायला.

"मी बोलले तुला," ती म्हणाली. "दुधावरून."

"पातेलं जळालंच होतं ना."

ब्रूनचा अर्धा तुकडा उरला होता. त्याने तो तिच्याकडे सरकवला. "खा. आणि सांग मला."

तिने घास घेतला. डोळे मिटले. तिला त्याला सांगायचं होतं, आयुष्यात दुसरं काहीच कधी इतकं सांगावंसं वाटलं नव्हतं. पण तिच्याकडे शब्द नव्हते. कुठल्या घटकाचं शिखर यंत्राच्या आलेखावर किती मिनिटांनी उमटतं ते तिला झोपेतही सांगता आलं असतं. वासाला काय म्हणायचं ते सांगायला नेहमी तोच होता, शेजारच्या टेबलावर. तिने शिकून घ्यायचं म्हटलंच नाही.

"चांगला आहे," ती म्हणाली. "खमंग आहे."

"अजून?"

"लोणी... थोडं आंबट. अजून नाही रे येत."

"असू दे," तो म्हणाला. "पहिलाच दिवस आहे तुझा."

तिसरी-चौथी बेकरी त्यांनी केली नाही. ऊन उतरायच्या आत परतीची गाडी मिळाली, बसायला जागाही. डबे मांडीवर घेऊन दोघे खिडकीशी बसले. ठाणे गेलं, दिवा गेलं. परतीच्या वाटेवर सुदेश नेहमी डोळे मिटून बसायचा, आणि वाऱ्यावर एमआयडीसीचा पहिला झोत आला की म्हणायचा, "ऊठ, आलं गाव. आज कुणीतरी लवंगेचं तेल काढतंय." कधी लवंग, कधी गंधक. लोक त्या वासाला नावं ठेवत, नाक दाबत. तो मात्र ओळखीच्या माणसासारखी त्याची चौकशी करायचा.

आजही त्याचे डोळे मिटलेले होते. झोत आला आणि तो हलला नाही.

तिने थोडी वाट पाहिली. मग त्याच्या गुडघ्यावर हात ठेवला. "सुदेश, आलं गाव."

त्याने डोळे उघडले, डबे सावरले. "आज काय आहे?"

उत्तराने खिडकीशी तोंड नेऊन खोल श्वास घेतला, मग आणखी एक. काहीतरी गोडसर होतं, त्याखाली काहीतरी बोचरं. तीस वर्षं ती याच हवेत राहिली होती.

"नाही सांगता येत," ती म्हणाली.

गाडी थांबली. तो उठला, आणि उतरताना सवयीने त्याने तिच्या हातातले डबेही घेतले.