दुसऱ्याचं पाकीट

चौतीस वर्षं मी पोस्टमन होतो, आणि चौतीस वर्षांत माझ्या हातून दुसऱ्याचं एक पाकीट फुटलं नाही. डिंक सुटलेलं असो, आतला कागद अर्धा बाहेर आलेला असो, मी मान वळवून तो आत सारायचो. आणि माझ्या पोटच्या पोरीने मला बसवलं कशाला, तर लोकांची पत्रं उघडून वाचायला.

खेळ तिचा. म्हणजे गोष्ट तिने लिहिलेली, चित्रं आणि आवाज तिच्या ऑफिसातल्या दोघांचे. "बाबा, शुक्रवारी खेळ बाहेर पडतोय. त्याआधी तुम्ही शेवटपर्यंत खेळायचाच. नंतर काही बदलता येणार नाही," असं म्हणत तिने कॉम्प्युटर माझ्या टेबलावर मांडला आणि कोणती बटणं दाबायची ते कागदावर लिहून दिलं. मी म्हटलं, मला गोळ्या झाडता येत नाहीत आणि झाडायच्याही नाहीत. ती म्हणाली, "यात गोळी नाही. कुणी मरत नाही. एक घर आहे, त्यात फिरायचं."

खोटं कशाला बोलू, मला तो खेळ आवडला. एक मुलगी बऱ्याच वर्षांनी घरी येते, घरात कोणी नाही, आणि आपण म्हणजे ती मुलगी. मागे कुणी लागत नाही, घड्याळ नाही, हरणं-जिंकणं नाही. पहिल्या दिवशी मी अर्धा तास नुसता जिना चढलो आणि उतरलो. खिडकीशी उभा राहिलो तर कुणी 'चला पुढे' म्हटलं नाही. जन्मभर मी लोकांच्या दारापर्यंत गेलो, आत कधी गेलो नाही. पडद्यामागे कोण राहतं, काय करतं, याची नुसती कल्पना करायची. इथे दार ढकललं की आत. शेजारचे मास्तर मागे उभे राहून म्हणाले, "यात करायचं काय?" म्हटलं, बघायचं. "बघून मिळतं काय?" माझं डोकंच फिरलं. हा माणूस तीस वर्षं पोरांना इतिहास शिकवत होता, आणि बघून काय मिळतं ते याला मी सांगायचं.

पण घरभर पत्रं. उशीखाली, कप्प्यांत, पिठाच्या डब्यामागे, सगळी बंद. मी एकेक उचललं, वरचं नाव वाचलं आणि जागच्या जागी ठेवलं. असे तीन दिवस गेले, आणि वरच्या खोलीचं दार काही उघडेना.

"अहो बाबा, किल्ली कुठे आहे ते पत्रात लिहिलंय," पोरगी म्हणाली. "वाचल्याशिवाय कसं कळणार?"

"पाकिटावर नाव माझं आहे का?"

"खेळ आहे हो तो."

"मग खेळात चोरी चालते का? गोळ्या नाहीत म्हणून मिरवतेस आणि माणसांची पाकिटं फोडायला लावतेस. त्यापेक्षा गोळ्या बऱ्या. निदान समोरून तरी येतात."

एरवी ती हसली असती. आज हसली नाही. "बाबा, खेळात तुम्ही म्हणजे तुम्ही नाही. तुम्ही ती मुलगी आहात. कपाटातलं निळं पाकीट तिच्याच नावाचं आहे. स्वतःला आलेलं पत्र तरी वाचाल की नाही?"

नियम तो नियम, मग तो तिच्या बाजूने का असेना. मी निळं पाकीट उघडलं.

आतलं अक्षर माझ्या बायकोचं होतं.

तिला जाऊन दोन वर्षं झाली. जाण्याआधी तिने पोरीच्या नावाने एक बंद पाकीट ठेवलं होतं, आणि ते मीच पोरीच्या हातात दिलं होतं. आत काय आहे ते विचारलं नाही. जीव तुटत होता, तरी ब्र काढला नाही. तेच पत्र आता माझ्यासमोर पडद्यावर होतं, तिच्या खाडाखोडीसकट.

'चिमे, तू दोन वर्षांची असताना मी नकाशे काढण्याच्या कचेरीत अर्ज केला होता. फार मनात होतं. उत्तर आलंच नाही. कधी कधी वाटतं, आलं असेल, आणि ह्यांनीच दिलं नसेल. विचारायचा धीर झाला नाही.'

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. "हे तू जगाला वाचायला देणार? बापाला चोर ठरवून?"

"त्यात तुमचं नाव नाही, बाबा."

"मला माझं नाव माहीत आहे. मी तिचं पत्र दाबलं नाही. ते आलंच नव्हतं."

"मला माहीत आहे."

"तुला कसं माहीत?"

"आई गेल्यावर तुम्ही आठवडाभर आत्याकडे होतात. तेव्हा मी घर शोधलं. सगळे कप्पे, तुमची ट्रंक, जुन्या खाकी शर्टांचे खिसे. पिठाच्या डब्यामागेसुद्धा पाहिलं. कुठेच नव्हतं."

म्हणजे ज्या घरात मी तीन दिवस मजेत हिंडत होतो, त्यात ती आधी हिंडली होती, ती मला पकडायला.

"म्हणजे तूसुद्धा."

"हो बाबा. मीसुद्धा."

मग मी जे ओरडलो ते चार घरांना ऐकू गेलं असेल. अकरा महिने रोज सकाळी थैली सोडली की सगळ्यांत आधी मी बायकोचं नाव शोधायचो. साहेब खेकसायचे, तरी शोधायचो. ते पत्र यावं असं तिच्यापेक्षा मला वाटत होतं.

"आणि घरी आल्यावर? आई दारात असायची ना? तिला काय सांगायचात?"

काही सांगत नव्हतो. ज्याचं टपाल नाही त्याच्या दारावरून नाकासमोर बघत पुढे जायचं, हे मी पहिल्याच वर्षी शिकलो होतो. थांबलं की माणसं आशेने उठतात. मी स्वतःच्या घरातही तसाच शिरायचो. चपला काढायच्या, तिच्याकडे न बघता आत जायचं आणि हात धुवायचे. पत्र दाबलेला माणूस याहून वेगळा काय वागला असता? मला रडू आलं, आणि त्याचाही राग आला.

"ते पत्र काढून टाकू का?" पोरीने विचारलं. "अजून दोन दिवस आहेत."

"हात लावायचा नाही. पत्र तिचं आहे. वरच्या खोलीत काय आहे?"

"काहीच नाही. काय ठेवायचं ते मला कळलंच नाही."

"पाकिटं ठेव. सगळ्यांवर तुझ्या आईचं नाव. आत एकच ओळ, आज आलं नाही. अकरा महिने, रोजचं एक."

"बाबा, तीनशेच्या वर होतील."

"रविवार सोडून मोज," मी म्हटलं.