कोटाचं दुसरं बटण

संपादकांना लेख हवा होता. आमचं जुनं विनोदी नाटक आणि त्यावर आता निघालेला सिनेमा, दोन्हींची तुलना करायची आणि आडपडदा न ठेवता लिहायचं. "तुमच्याइतकं ते नाटक दुसऱ्या कोणाला पाठ असणार?" ते फोनवर म्हणाले. तेवढं खरं. एकोणतीस वर्षं मी त्या नाटकाची प्रॉम्प्टर होते. डावीकडच्या विंगेत, बिनहातांच्या खुर्चीवर, मांडीवर नाटकाची प्रत आणि हातात छोटा टॉर्च घेऊन मी नऊशेच्या वर प्रयोग काढले. त्या नाटकाच्या टाळ्या मी कधी समोरून ऐकल्या नाहीत, नेहमी बाजूनं ऐकल्या.

आमचे हे त्या नाटकाचे नायक. लग्न नाटकाच्या आधीचं की नंतरचं, असं लोक हटकून विचारतात. चाळिसाव्या प्रयोगानंतरचं.

नाटक असं की, एका घरमालकानं वरची एकच खोली तीन भाडेकरूंना कबूल केली आहे आणि तिघेही एकाच सकाळी सामानसुमान घेऊन दारात हजर होतात. मग एकाला न्हाणीघरात कोंडा, एकाला कपाटात घाला, एकाला पडद्यामागे उभा करा. अडचण आली की मालक कपाळाला हात लावून म्हणतो, "अरेच्चा, विसरलोच की." गंमत ही की तो काहीच विसरलेला नसतो. प्रेक्षकांना हे पहिल्या पाच मिनिटांत कळतं, बाकीच्या पात्रांना शेवटपर्यंत कळत नाही. झोपलेल्याला उठवता येतं, झोपेचं सोंग घेतलेल्याला कोण उठवणार? त्या एका सोंगावर आमचं घर चाललं, मुली शिकल्या.

पण विसरण्याचं सोंग करणाऱ्या नटाला स्वतः काही विसरून चालत नाही. कपाटात कोण आणि न्हाणीघरात कोण, यात एकदा गफलत झाली की सगळं मुसळ केरात. तरी माणूसच तो, कधीतरी वाक्य जातंच. त्यासाठी आमच्या दिग्दर्शकांनी, म्हणजे मास्तरांनी, एक खूण ठरवून दिली होती. ह्यांनी कोटाचं दुसरं बटण अंगठा आणि तर्जनीत धरायचं आणि डावीकडे बघायचं. समोरच्यांना वाटायचं, मालक विचारात पडलाय. मी खालच्या आवाजात वाक्याचे पहिले दोन शब्द द्यायचे. दोनच. मास्तर म्हणायचे, "दोन शब्दांत गाडी रुळावर आली पाहिजे. ज्या दिवशी तिसरा शब्द द्यावा लागेल, त्या दिवशी नटानं तोंडाचा रंग पुसून घरी जावं."

नऊशे प्रयोगांत ह्यांनी बटण धरलं अकरा वेळा. अकराही तारखा मी प्रतीच्या समासात पेन्सिलीनं लिहून ठेवल्या आहेत. तिसरा शब्द एकदाही द्यावा लागला नाही. ही खूण तिघांनाच माहीत होती. मास्तर गेले, म्हणजे आता दोघांना.

सिनेमाचा पहिला खेळ दुपारी तीनचा होता, निमंत्रितांसाठी. आम्ही सहाव्या रांगेत बसलो, मी ह्यांच्या डावीकडे. ह्यांना कुठेही मी डावीकडेच लागते, जेवायला बसतानासुद्धा. मी वहीच्या पानावर मधोमध रेघ मारली होती. एका बाजूला नाटक, दुसऱ्या बाजूला सिनेमा.

पहिली वीस मिनिटं मी फॉर्मात होते. नाटकात एक खोली आणि पाच दारं होती. सिनेमात लिफ्ट, गाड्यांचा तळ, गच्ची, आणि एकमेकांचे फोन न उचलणारी माणसं. पाच दारांनी जे काम केलं ते सिनेमातल्या पन्नास जागांना जमेना. शिवाय नाटकात नट हशा ओसरेपर्यंत थांबतो. सिनेमा कुणासाठी थांबत नाही, त्यामुळे लोक हसत राहतात आणि पुढचं वाक्य त्या हशात बुडून जातं. हे सगळं मी खुशीत लिहून काढलं. दुसऱ्याच्या चुका काढायला मला पहिल्यापासून आवडतं, नाहीतर प्रॉम्प्टर कशाला झाले असते?

सिनेमाच्या बाजूला एकच चांगली गोष्ट लिहिली. चेहरा जवळून दिसतो. नाटकाच्या शेवटच्या रांगेला ह्यांचा चेहरा वाटाण्याएवढा दिसत असणार.

आणखी एक बदल सिनेमावाल्यांनी केला होता. मालकाचे दोन भाग केले होते. सोंग करणारा तरुण मुलगा, आणि खरोखर विसरणारा त्याचा म्हातारा बाप. तो बाप म्हणजे आमचे हे. सोंगाच्या जोडीला खरं ठेवलं की सोंग पातळ होतं, असं लिहायला मी पेन टेकवलं, तेवढ्यात पडद्यावर ह्यांचा प्रवेश झाला. अंगात तपकिरी, बटणांचा स्वेटर. समोर भाडेकरू बाई बॅग घेऊन उभी. ती विचारते, "आजोबा, वरच्या खोलीची चावी कुठे आहे?"

ह्यांचा हात वर गेला आणि स्वेटरचं दुसरं बटण दोन बोटांत धरून त्यांनी डावीकडे बघितलं.

थिएटरात हशा सुरू झाला. माझे ओठ आपोआप हलले, पण द्यायला माझ्याकडे शब्दच नव्हते. मला ते वाक्य माहीत नव्हतं. पडद्यावर हे डावीकडे बघत राहिले. तिथं चित्रीकरणाच्या वेळी काय असेल? एखादा दिवा, एखादी रिकामी पेटी. मी तर नव्हतेच, मी घरी होते. बऱ्याच वेळानं हे म्हणाले, "ठेवली आहे. बरोबर जागी ठेवली आहे." लोकांनी टाळ्या वाजवल्या.

मी उजवीकडे पाहिलं. हे गुडघ्यांवर हात ठेवून शांतपणे पडद्याकडे बघत होते. मी मनाची समजूत घातली. नट आहे, जुनी लकब भूमिकेत वापरली असेल, त्यात काय एवढं. मध्यंतराआधी बटण पुन्हा एकदा धरलं, तरी मी हेच घोकत बसले. मध्यंतरानंतर तिसऱ्यांदा बटण धरलं, चौथ्यांदा धरलं. चौथ्या वेळी कॅमेरा इतका जवळ होता की पापणीचा केस न् केस मोजता आला असता. ह्यांचे सोंगातले डोळे मला पाठ आहेत. सोंगात ते झरझर फिरतात, कपाटाकडे, दाराकडे, पुन्हा कपाटाकडे. इथं ते हलत नव्हते. ते वाट बघत होते.

ते माझी वाट बघत होते. हे कळल्यावर मी इतकी घाबरले की उठून बाहेर जावंसं वाटलं. भोवतालची माणसं पोट धरून हसत होती आणि मला त्यांचा राग येत होता. मग एकदम आठवलं, मीसुद्धा हसले होते. दोनेक महिन्यांपूर्वी, सकाळी चहाच्या वेळी. मी विचारलं होतं, "धाकटीचा फोन आला होता ना काल? काय म्हणाली?" ह्यांनी सदऱ्याचं बटण धरलं आणि डावीकडे, माझ्याकडे बघितलं. मला वाटलं, माझी चेष्टा चाललीय. मी म्हटलं, "पुरे झाली नाटकं," आणि हसत कपबशा उचलून आत गेले.

सिनेमा संपला तेव्हा वहीत सिनेमाच्या बाजूला पहिल्या वीस मिनिटांपुढे मजकूर नव्हता. पेन्सिलीनं मारलेल्या सात रेघा होत्या. पेनानं लिहिता लिहिता मी पेन्सिल कधी काढली, मला आठवत नाही.

बाहेर चहाच्या टेबलाशी सिनेमाची दिग्दर्शिका आली. आमच्या धाकटीच्या वयाची, हुशार, मनानं चांगली पोरगी. तिनं माझे दोन्ही हात धरले.

"काकू, काकांचा तो पॉज बघितलात? स्क्रिप्टमध्ये नव्हताच. ते स्वतःहून करायचे. मी कट म्हणायचेच नाही, म्हटलं बघू कुठे जातंय."

"सगळ्या वेळी स्वतःहून?" मी विचारलं.

"पहिल्या टेकला. मग वाक्याची आठवण करून दिली की वाक्य बरोबर यायचं, पण ती गंमत जायची. म्हणून पहिलेच ठेवले." मग तिनं ह्यांच्याकडे बघितलं. "काकूंना सांगितलं की नाही अजून? नाटक पुन्हा उभं करतोय आम्ही. पंचवीस प्रयोग, मालकाच्या भूमिकेत काका. ते हो म्हणालेत."

ह्यांनी मान हलवली. मी चहाचा कप खाली ठेवला. पाच दारं, तीन भाडेकरू, कपाटात कोण, न्हाणीघरात कोण. आठशे माणसं समोर, आणि त्या आठशे माणसांना वाटणार की हा केवढा मोठा नट. ती हसत राहणार, आणि हा माणूस मधोमध उभा राहून डावीकडे बघत राहणार. तिथं कट म्हणायलाही कोणी नाही.

घरी आल्यावर मी कणीक मळायला घेतली. हातांना काहीतरी काम हवं होतं. हे स्वयंपाकघरात आले आणि खुर्ची ओढून बसले.

"मग, काय लिहिणार? नाटक चांगलं की सिनेमा?"

"नाटक," मी म्हटलं.

"तू ते बघायच्या आधीच ठरवलं होतंस." त्यांनी खुर्ची टेबलाजवळ सरकवली. "किती वेळा?"

"काय किती वेळा?"

"उगाच वेड पांघरू नकोस. बटण."

मी कणीक मळत राहिले. खोटं बोलायचं मनात आलं, पण ह्यांच्याशी त्या बाबतीत मी कधी खोटं बोलले नव्हते. "सात," मी म्हटलं.

हे टेबलावर बोटांनी मोजत बसले. मग म्हणाले, "मला तीन आठवतात."

बाकीचे चार म्हणजे काय, हे आम्हा दोघांनाही कळलं. बटण धरलं हेसुद्धा ह्यांना ठाऊक नव्हतं. नुसता हात गेला होता. माझे कणकेतले हात थांबले आणि ते ह्यांना दिसलं, कारण ते लगेच मलाच समजावायला लागले.

"तू विंगेत असतीस तर एकदाही झालं नसतं. प्रत आहे ना अजून? काढ की. पंचवीस तर प्रयोग आहेत."

"आणि कपाटात कोण आहे ते विसरलात तर? मी काय स्टेजवर येऊन सांगू?"

"एवढं काही झालेलं नाही."

"मला भीती वाटते," मी म्हटलं. आजवरच्या संसारात हे वाक्य मी ह्यांना कधी ऐकवलं नव्हतं. "नाटक करू नका. उद्या आपण डॉक्टरांकडे जाऊ. पण नाटक करू नका."

हे उठून खिडकीपाशी गेले. खाली कोणीतरी गाडी लावत होतं, ते बघत उभे राहिले. माझी कणीक मळून झाली तरी तिथंच होते. मग वळून म्हणाले, "लाव फोन तिला. मीच सांगतो. तुझ्या तोंडून नको." आवाज अगदी स्वच्छ होता. मास्तरांनी ऐकला असता तर खूश झाले असते.

मी फोन लावला, स्पीकर सुरू केला आणि त्यांच्या हातात देऊन हात धुवायला वळले. मागून दिग्दर्शिकेचा आवाज आला, "बोला काका."

ह्यांचा आवाज येईना. मी वळून पाहिलं. फोन एका हातात होता आणि दुसऱ्या हातात सदऱ्याचं दुसरं बटण. ते डावीकडे बघत होते, आणि डावीकडे नुसती भिंत होती.

मी ओल्या हातांनी तशीच गेले आणि त्यांच्या डाव्या बाजूला उभी राहिले. एकोणतीस वर्षं दिले तसेच, खालच्या आवाजात, दोन शब्द दिले.

"मला हे…"

"मला हे," ते म्हणाले, आणि थांबले. बटण सुटलं नाही. डोळे माझ्यावर होते. पलीकडे ती वाट बघत होती. मीही वाट बघितली. विंगेत थांबायचे त्याच्या दुप्पट थांबले, तिप्पट थांबले. आता येईल, आता येईल, असं म्हणत राहिले.

मग मी तिसरा शब्द दिला. "नाटक."

"नाटक जमणार नाही," ते एका दमात म्हणाले. शेवटच्या रांगेपर्यंत पोचेल असा आवाज.

फोनमध्ये ती खळखळून हसली. "काका, कमाल करता. काय तो पॉज."

ह्यांनी माझ्याकडे बघितलं. बटण अजून बोटांतच होतं. मी त्यांच्या हातातून फोन घेतला.