एक्केचाळिसाव्या खांबावरचा बद्द आवाज

“ओता, ओता! उद्या फीत कापायचीय!”

माझ्या कानावर पडलेला पहिला आवाज हाच. मी एक उंचावरचा रस्ता आहे, मित्रांनो. शहराच्या मध्यावर उगवतो, खांबाखांबांवरून चालत विमानतळाच्या दारात मावळतो. वाटेत एक टोलनाका, बाकी कुठं थांबा नाही. पण त्या दिवशी मी अजून पुरता झालो नव्हतो. एक्केचाळिसाव्या खांबापाशी काम चालू असताना काँक्रीटची दुसरी गाडी गर्दीत अडकली, आणि ओतलेला थर सुकून गेला. गाडी आली तेव्हा मुकादमानं तो थर खरवडला नाही, धुतला नाही. तसाच वरून नवा ओतायला लावला. ‘ओता, ओता’ हा आवाज त्याचाच.

दुसऱ्या दिवशी फीत कापली. लोक म्हणाले, “काय रस्ता आहे! पोटातलं पाणी हलत नाही.” मग मी माणसं पोचवत राहिलो. कुणी रुसून निघालेलं, कुणी चौदा वर्षांनी परतलेलं, कुणी पासपोर्ट घरी विसरून बायकोची बोलणी खात. कुणाची माया लागली म्हणाल, तर नाही. माझ्यावर कुणी थांबतच नाही, मग लागणार कशी? पुढं पट्ट्यांचा रंग उडाला, कठड्याच्या फटीत गवत आलं. कौतुक संपलं, टोल तेवढा चालू राहिला.

माझं ऐकणारी एकच बाई. रस्ता तपासायचं काम तिचं. वर्षातून दोनदा, सकाळी, नारिंगी शंकू मांडून ती एक मार्गिका बंद करते आणि हातोडीनं ठोकत, कान देत पुढं सरकते. मडकं वाजवून घ्यावं तसं. खणखणीत वाजलं की पुढं, आत पोकळ असल्यासारखं बद्द वाजलं की खडूचं वर्तुळ.

ही बाई त्याच मुकादमाची सून. म्हातारा माझ्यावरून कधी गेला नाही. विमानतळावर जायचं तर खालच्या जुन्या रस्त्यानं, एकवीस सिग्नल मोजत. “टोल देताना बाबांचा जीव जातो,” ही घरातली थट्टा ती सोबतच्या मजुरांना सांगायची, म्हणून मला ठाऊक.

गेल्या आठवड्यात ती त्याला लेकीकडे जायला विमानावर सोडायला निघाली. वाटेत एक्केचाळिसाव्या खांबापाशी तिनं काढलेली वर्तुळं खात्याच्या साहेबांना दाखवायची होती, म्हणून खालचा जुना रस्ता सोडून ती माझ्यावरून आली.

“दहा मिनिटं, बाबा. गाडीतच बसा. आणि टोल मी भरलाय, तुम्ही जीव सांभाळा!”

म्हातारा हसला नाही.

साहेबांनी वर्तुळं पाहिली. “कागदावर हा भाग ठणठणीत आहे, बाई. तुमच्या ठकठकीवर विमानतळाचा रस्ता बंद करू? लोक मला फाडून खातील.”

“खाली शाळेच्या बसचा थांबा आहे, साहेब. तुकडा सुटला तर?”

“सुटेल कशाला? काही कारण दाखवा. नुसता कान नको.”

“पुढच्या तपासणीत बघू,” म्हणत साहेब वळले.

तेवढ्यात गाडीचं दार उघडलं. म्हातारा उतरला. त्यानं हातोडी मागून घेतली आणि गुडघे टेकून मला ठोकलं. बद्द. पुन्हा ठोकलं. बद्द.

मित्रांनो, मी दगडामातीचा, मला रागलोभ नाही. सांगायचं ते एवढंच. आम्ही ठोकल्याशिवाय बोलत नाही. तेव्हा अधूनमधून आम्हाला विचारत जा, आणि उत्तर आलं की कानाआड करू नका. पण आमच्या पोटात काय घातलंय, ते घालणाऱ्यालाच सांगावं लागतं.

म्हाताऱ्यानं हातोडी सुनेच्या हातात परत दिली.

“थांबा, साहेब. ती बरोबर ऐकतेय. हा थर मी ओतायला लावला. सुकलेल्यावर, न धुता. आणि धुतला म्हणून कागदावर सही आहे, ती माझी.”

मग सुनेकडे न बघता तो म्हणाला, “टोलचं नव्हतं गं, सूनबाई.”