खिडकीजवळची कॉट

“कोणी विचारलंच तर म्हणायचं, मला माहीत नाही. तीन शब्द आहेत. आयुष्यात तेवढे तरी नीट बोल,” आई म्हणाली.

“आणि माणूस मेला तर?”

“हळू बोल.”

हळू कशाला? हॉस्पिटलच्या तळघरातल्या लाँड्रीत मशीनं अशी खडखडत होती की शेजारचा शिंकला तरी कळायचं नाही. आई पिळलेल्या चादरी ओढून ढकलगाडीत आपटत होती. पोराला आपटता येत नव्हतं, म्हणून सगळं चादरींवर निघत होतं.

पोराला वरच्या वॉर्डात सगळे लवंगी म्हणायचे. अंगानं तेवढाच आणि भडकायचाही तसाच. नववीत त्यानं भर वर्गात सरांना सुनावलं, दप्तर तिथंच टाकलं आणि बाहेर पडला. मग वर्षभर नुसत्या उनाडक्या. आईनं त्याच्यापुढे हात टेकले होते. तेवढ्यात शाळेनं ही नवीन भानगड काढली. अर्धा आठवडा वर्गात बसायचं, अर्धा आठवडा हॉस्पिटलात शिकाऊ म्हणून राबायचं, नीट पार पडलं तर पुढे नर्सिंगला प्रवेश. आईनं शाळेच्या मॅडमचे पाय धरायचेच काय ते बाकी ठेवले होते. वॉर्डातल्या हेडसिस्टरांना तर तिनं शब्द दिला होता, पोरगं माझं आहे, काही कमीजास्त झालं तर मला विचारा.

गंमत म्हणजे त्याला हे काम आवडलं. पुस्तक उघडलं की ज्याला खाज सुटायची, तो इथं एकदा बघून शिकायला लागला. रक्तदाबाचा पट्टा कसा बांधायचा, माणूस अंथरुणात असताना त्याच्याखालची चादर कशी बदलायची, कुशीवर वळवताना हात कुठून घालायचा. हेडसिस्टर कौतुक करायच्या नाहीत, पण हल्ली ओरडायच्याही नाहीत. वॉर्डात याला बढती म्हणतात.

एक नियम मात्र त्यांनी पहिल्याच दिवशी डोक्यात ठोकून बसवला होता. शिकाऊनं विचारल्याशिवाय पेशंट हलवायचा नाही.

आज सकाळी त्यानं नेमकं तेच केलं होतं.

हर्नियाच्या ऑपरेशनसाठी आलेले एक टेलरकाका होते. त्यांची कॉट दाराजवळ. सारखी ये-जा, डोळ्याला डोळा नाही. खिडकीजवळच्या कॉटवर हाताला प्लास्टर घातलेला ट्रक ड्रायव्हर. तो म्हणाला, मला काय, मी इंजिनाच्या आवाजात वाढलोय, या की इकडे. झालं. लवंगीनं दोघांच्या उशा, पिशव्या, चपला इकडच्या तिकडे केल्या. सिस्टर औषधांच्या खोलीत होत्या, एवढ्याशा कामाला कशाला विचारत बसायचं? राहिली फक्त पाटी. ‘उपाशी’ असं लिहिलेली लाल पाटी, कॉटच्या डोक्याशी भिंतीवर खिळ्याला अडकवलेली. ती काकांबरोबर खिडकीकडे जायला हवी होती. ती दाराजवळच लटकत राहिली.

नाश्त्याची गाडी ढकलणारी मावशी तोंडं बघत नाही, पाट्या बघते. पेशंट रोज बदलतात, तिनं तरी कोणाकोणाला लक्षात ठेवायचं? तिनं ड्रायव्हरला वगळलं आणि काकांना दूध-ब्रेड दिला.

लवंगीच्या लक्षात आलं तेव्हा कप रिकामा होता आणि काकांच्या मिशीला साय लागली होती. तो काही बोलायच्या आत काकांनी त्याचं मनगट धरलं. मागच्या खेपेला साखर वाढली म्हणून परत पाठवलं होतं, आता दुकान बंद ठेवून आलोय, कपभर दुधानं कोण मरतं? तू बघितलं नाहीस, मी प्यायलो नाही, विषय संपला.

विषय संपत नव्हता. हेडसिस्टरांनी त्याला समजावून सांगितलं होतं, भूल दिली की माणसाला धड खोकताही येत नाही, आणि पोटातलं वर आलं तर थेट फुप्फुसात जातं. म्हणून तो पळत तळघरात आला होता. आईला सांगितलं की आई काहीतरी करेल, असं वाटलं त्याला. मिसरूड फुटलेल्या घोड्याला.

आई म्हणाली, ऑपरेशनच्या आधी ते लोक विचारतातच. तो म्हणाला, काका खोटं बोलणार आहेत. मग मावशीलाच सांगायला लाव की चुकून दिलं, आई म्हणाली. म्हणजे तिला घरी पाठवतील, तो म्हणाला, तिची काय चूक?

आईनं हातातली चादर खाली ठेवली.

“ती माझी कोण लागते? तू माझा लागतोस.”

त्यानं गाडीला लाथ घातली, ती भिंतीवर आदळली, आणि तो जिन्याकडे सुटला.

वर वॉर्डाच्या दारात स्ट्रेचर तयार होतं. काका हिरवा गाऊन घालून आडवे झालेले. हेडसिस्टर विचारत होत्या, सकाळपासून काही खाल्लं-प्यायलं? काकांनी पाण्याचा थेंबही नाही म्हणून सांगितलं, आणि चेहरा असा केला की देवानंही विश्वास ठेवावा.

“त्यांनी दूध-ब्रेड खाल्लाय,” लवंगी म्हणाला. त्याला धाप लागली होती.

काका उसळले. या पोराला उपाशी माणसाची चेष्टा सुचतेय म्हणाले. हेडसिस्टरांनी लवंगीला नीट निरखलं. यांच्याशी भांडलास का, असं विचारलं, आणि तसं विचारण्यात त्यांची काही चूक नव्हती, तो आठवड्याला कोणाशी तरी भांडायचाच. वरून ऑपरेशन थिएटरातून दोनदा फोन येऊन गेला होता. वॉर्डबॉयनं स्ट्रेचर ढकलायला सुरुवात केली.

“पाटी चुकीच्या कॉटवर आहे, सिस्टर. मी यांना खिडकीकडे हलवलं. कोणाला विचारलं नाही.”

दाराजवळचा ड्रायव्हर उठून बसला. “तरीच. मला वाटलं, प्लास्टरवाल्याला इथं उपाशीच मारतात.”

हेडसिस्टरांनी स्ट्रेचरचा दांडा धरला. वॉर्डबॉयला मागे फिरायला सांगितलं, थिएटरात फोन लावला, भूल देणाऱ्या डॉक्टरांशी बोलल्या. मावशी रिकामे कप घेऊन भिंतीला चिकटून उभी होती. फोन ठेवून हेडसिस्टर त्याच्याकडे वळल्या. ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं.

“एप्रन काढ आणि खाली ऑफिसात जाऊन बस. तुझ्या मॅडमना बोलावतेय.”

परत घ्याल का, त्यानं विचारलं. ते माझ्या हातात नाही, त्या म्हणाल्या. तो जरासा थांबला. बरं केलंस, एवढं तरी म्हणतील असं त्याला वाटत होतं. त्या पुन्हा फोनला लागल्या.

एप्रनची गाठ घट्ट बसली होती, ती सोडवताना त्याचं नख उलटलं. तेवढ्यात धुतलेल्या चादरींची गाडी घेऊन आई आली. तिनं त्याच्या हातातला एप्रन पाहिला. गाडी त्याच्या बाजूनं वॉर्डात घेऊन गेली आणि पाठमोरी राहून चादरी लावू लागली.

काका पुन्हा कॉटवर आले होते. त्यांनी त्याची बाही पकडली.

“काय मिळालं रे तुला? आता पुन्हा तारीख कधी देतील कोण जाणे. हे दुखणं घेऊन मी मशीनवर बसायचं कसं, सांग.”

लवंगीच्या जिभेच्या टोकावर आलं होतं, जिवंत बसाल ना पण. त्यानं गिळलं. आई दोन कॉटा पलीकडेच होती.

“सांग ना,” काका म्हणाले. “एरवी तर तोंड बंद नसतं तुझं.”

“काका, खाली बोलावलंय,” तो बाही सोडवत म्हणाला. “मला निघायला पाहिजे आता.”