गोधडीचा घास

तानुबाईच्या लेकीचं, शालूचं, लग्न ज्या उन्हाळ्यात झालं, त्याच सालच्या सरत्या पावसाळ्यात पाकिस्तानाशी लढाई झाली. म्हणजे पासष्ट साल. शालू सासरी देऊळगाव राजाला गेली, घर रिकामं झालं, आणि तानुबाईच्या हातांना काम उरलं नाही. अशात दसऱ्याच्या सुमारास अमडापुरात निरोप फिरला, की जखमी शिपाई दवाखान्यांत पडले आहेत, थंडी तोंडावर आहे, ज्या गावाला जमेल त्याने पांघरुणं द्यावीत.

बायांनी गोधड्या द्यायचं ठरवलं. जुनी लुगडी, धोतरं, सदरे जमले. तानुबाईने नवऱ्याचा, उकंडरावाचा, फेटा काढून दिला. तो जाऊन तिसरं वर्ष होतं, आणि त्या फेट्याला तिने आजवर कुणाला हात लावू दिला नव्हता.

गोधडीचा शेवटचा कोपरा शिवण्याआधी तिच्या पोटात गूळ लावलेला भाकरीचा तुकडा ठेवायचा, ही त्या घराची रीत. पोट भरलेली गोधडीच ऊब देते, असं म्हाताऱ्या सांगत. तानुबाईची थोरली जाऊ कौशल्याबाई म्हणाली, या गोधड्या दूर जाणार, घास राहू दे, किडामुंगी लागेल. दोघींचं असंच चाले; एकीने दिवस म्हटला की दुसरीने रात्र. तानुबाईने ऐकलं नाही. दुखण्यातल्या पोराला उपाशी गोधडी कशी पाठवायची, असं म्हणत तिने एकूण एक गोधडीला आपल्या हाताने घास भरवला.

घरची गोधडी रोज अंगावर असते, उन्हात पडते, तिला उंदीर शिवत नाही. या गोधड्यांचे गठ्ठे मात्र मलकापूरला रेल्वेच्या डब्याची वाट पाहत सरकीच्या गोदामात पडून राहिले. गठ्ठ्यांसोबत गेलेले कौशल्याबाईचे मालक जानराव परत आले ते तोंड पाडूनच. उंदरांनी गोधड्यांचे कोपरे फाडले होते. माल नेणाऱ्या कारभाऱ्याने सांगितलं होतं, फाटकं पांघरूण जखमी माणसाला देणार नाही. परवा डबा लागेल, तोवर नीट झालं तर ठीक, नाहीतर अमडापूरचे गठ्ठे माघारी न्या.

थोरल्या दिरासमोर तानुबाई बोलत नसे. पदर ओढून ती आत गेली आणि चुलीपुढे बसली. गावाने विश्वासाने कापड दिलं, टाके दिले, आणि आपल्या हट्टापायी ते सगळं परत येणार. उकंडरावाचा फेटाही. कौशल्याबाई मागोमाग आत आली. आता ही टोमणा मारणार, म्हणून तानुबाईने मान खाली घातली.

"सुई कुठी हाय तुही?" कौशल्याबाई म्हणाली. "सकाळच्या मोटारीनं जाऊ."

"तुमी काऊन येता, बाई? चूक माही हाय."

"चूक तुही, पन नाव गावाचं हाय. अन तू एकटी गेली तं आगगाडीत बसून मुंबईले जाशीन. मंग तुले हुडकाले कोनाले धाडू?"

दुसऱ्या दिवशी जानरावांसोबत मलकापूरला जाऊन दोघी गोदामाच्या ओट्यावर गोधड्या पसरून बसल्या. कुरतडलेलं कापलं, घासाचा चुरा झटकला. तानुबाई पहिला कोपरा तसाच मिटू लागली, तेव्हा कौशल्याबाईने तिचा हात धरला.

"उपाशीच पाठवतं का?"

"तुमीच तं नाही म्हनत होत्या."

"मी म्हनत होती, का उंदराले आवडन असं घालू नको."

असं ती कधीच म्हणाली नव्हती, हे दोघींनाही ठाऊक होतं. तिने जानरावांना कडुलिंबाचा पाला आणायला पिटाळलं. "पाडव्याले सगळ्याच्या आंधी आपून काय खातो? लिंबाचा पालाच नं? मंग थो बी घासच हाय."

प्रत्येक कोपऱ्यात पाला गेला आणि वरून ठिगळ बसलं. शेवटी फेट्याची गोधडी हाती आली आणि चिंध्या संपल्या. नेमका फेटाच कुरतडला होता. तानुबाईची सुई थांबली. कौशल्याबाई पोत्यांच्या आड गेली आणि आपल्या नेसत्या लुगड्याच्या आतल्या टोकाची पट्टी फाडून घेऊन आली.

"बाई, नवं हाय नं हे."

"नऊ वार हाय. हातभर गेलं तं कोनाची लाज उघडी पडते? लाव मुकाट्यानं."

तानुबाईने ती पट्टी फेट्यावर बेतली आणि बारीक टाक्यांनी बसवली. डोळे भरून येत होते, म्हणून दोऱ्यावर दोष ठेवला, की सुईत जात नाही. जावेने तोही ओवून दिला.

कारभाऱ्याने एकेक गोधडी ओढून, ताणून पाहिली आणि गठ्ठे बांधायला सांगितलं. डबा लागला, गोधड्या गेल्या. एकही माघारी आली नाही. फेट्याची गोधडी कुणाच्या अंगावर पडली ते कधी कळलं नाही, आणि तानुबाईने विचारलंही नाही. येताना वाटेतल्या मोताळ्यापर्यंत दोघी गुण्यागोविंदाने बसल्या. मग खिडकीच्या जागेवरून भांडल्या.

कौशल्याबाई अडुसष्ट साली मार्गशीर्षात तापाने गेली. तेव्हा तानुबाई तिच्या उशाशी होती. तानुबाई एकोणऐंशी सालच्या चैत्रात वारली.